दाजींचा गळा आणि देवाची दाढी

साताऱ्यातल्या माणसाने प्रवासवर्णन लिहायला घेतलं तर त्याने निदान कोयनानगरपर्यंत तरी जावं, घाटात गाडी तापावी, धुक्यात वाट चुकावी, एवढी वाचकाची अपेक्षा असते. मी लिहितोय तासगाव ते सांगली या रस्त्याबद्दल. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेड. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे उसाचा ट्रॅक्टर आणि मधोमध भाच्याची गाडी दुसऱ्या गिअरात चालवणारा मी. रविवार सोडला तर रोज गेलो आणि रोज आलो. आमची सौ. म्हणते, "तेवढ्यात तुम्ही काशी करून आला असता." आलो असतो. पण काशीच्या वाटेवर शेजारच्या सीटवर दाजी नसते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. तासगावच्या बेदाणा बाजारात सौदे पुकारायचं काम त्यांनी उभा जन्म केलं. शेतकऱ्याचा माल येतो, पेटी फोडतात, व्यापारी भोवती गोळा होतात, आणि दाजी स्टुलावर उभे राहून भाव चढवत नेतात. माझ्या लग्नात लाउडस्पीकर बंद पडला तेव्हा मंगलाष्टकांनंतर "जेवायला बसून घ्या" हे दाजींनी नुसत्या तोंडाने सांगितलं होतं, आणि शेजारच्या कार्यालयातलं वऱ्हाडही उठून पंगतीला आलं होतं.

गेल्या पावसाळ्यात तो आवाज बसला. मध झाला, ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, "बाजारातली धूळ बसलीया घशात" हे निदान तर सगळ्या तासगावने केलं. दिवाळीनंतर दुर्बिणीने पाहिलं तेव्हा स्वरयंत्राच्या एका पट्टीवर बारीकशी गाठ दिसली. तुकडा तपासायला गेला, आणि कॅन्सर निघाला.

लवकर सापडला, म्हणाले. कापायला नको, किरणांनी जाईल, आणि आवाज बहुतेक वाचेल. त्या 'बहुतेक'वर आमचं सगळं घर जानेवारीपासून श्वास रोखून बसलं होतं.

भाचा संदीप पुण्याहून रजा काढून वडिलांना रोज सांगलीला न्यायचा. रजा संपली, तशी अक्काचा मला फोन आला. "बापू, तुला काय काम हाय रं तिथं? ये की." माझं साताऱ्यात चष्म्याचं दुकान आहे आणि मला तिथे काम असतं. अक्काला हे कधीच पटलेलं नाही. दुकानाला कुलूप लावून मी यष्टीत बसलो.

तासगाव

साताऱ्यात पाहुण्याला "चहा घेणार ना?" असं विचारतात, आणि पाहुण्याने "नको, आत्ताच झाला" म्हणायचं असतं. मग दोघेही सुटतात. तासगावात विचारायची पद्धतच नाही. मी चप्पल काढेपर्यंत ताटलीभर हिरवे बेदाणे पुढे आले, ते चघळेपर्यंत चहा, आणि चहाचा कप खाली ठेवायला जागा शोधतोय तोवर भाकरीचं ताट. वांग्याची भाजी अशी की पहिल्या घासाला कान गरम झाले. दाजींच्या ताटात मात्र ताकात कुस्करलेला मऊ भात होता. किरणांनी घसा आतून सोलवटला होता, तिखट चालत नव्हतं.

पण मी बघत होतो ती दाजींची दाढी. ज्या माणसाला मी जन्मभर तुळतुळीत गालांनी आणि झुपकेदार मिशीने पाहिलं, त्याच्या हनुवटीखाली मूठभर पांढरी दाढी लोंबत होती.

"ही कधीपासून?"

"देवाची हाय ती," अक्का म्हणाली. "भैरोबाला बोललीया मी. ह्यांचा गळा बरा हुईस्तोवर वस्तरा लावायचा न्हाई. बरं झालं की देवाच्या दारातच उतरवायची."

"आणि डॉक्टरांना चालते?"

चालत नव्हती. किरण देताना मान जराही हलू नये म्हणून तोंडावर घट्ट बसणारी एक जाळी घालतात. ती प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मापाने बनवतात. जाळी करायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दाढी काढून यायला सांगितलं होतं. दाजी मुकाट्याने उठून घरी यायला निघाले. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं, ठेवा. जाळी मी दाढीसकट करते. पण मग काम संपेपर्यंत हिच्या एका केसालाही हात लावायचा नाही."

"म्हंजी देवाचं आणि डॉक्टरणीचं म्हणणं एकच झालं," अक्का समाधानाने म्हणाली. मलाही तसंच वाटलं. त्या जुळून आलेल्या योगाचं मी तोंडभर कौतुक केलं, हे इथे नमूद करून ठेवतो.

सांगली

हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. तळघरात लांबलचक व्हरांडा, बाकांवर माणसं, कुणाच्या गळ्यावर मफलर, कुणाच्या डोक्यावर ओढणी. मी दाजींचा हात धरून उभा. खिडकीतल्या मुलीने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि माझ्यापुढे निळा गाऊन धरला.

"काका, हा घाला. घाबरू नका हं, दुखत नाही."

"अहो, पेशंट हे आहेत."

तिने पुन्हा दोघांना न्याहाळलं. दाजी इस्त्रीचा सदरा घालून ताठ उभे होते. माझ्या कपाळावर घाम होता, आणि एका हाताने मी भिंत धरली होती. तिची काही चूक नव्हती. दाजी खांदे हलवत आवाज न करता इतके हसले की त्यांना खोकला आला.

त्यांना मोठ्याने बोलायची बंदी होती. कुजबुजायचंही नाही, घशाला ते जास्त वाईट. हळू आवाजात, कामापुरतं. तो हळू आवाजसुद्धा असा की वाळूत फावडं ओढल्यासारखा.

मशीनच्या खोलीत नातेवाइकांना उभं राहू देत नाहीत, पण पेशंटला झोपवेपर्यंत दारातून दिसतं. तिथे भिंतीवरच्या रॅकवर मी ते चेहरे पाहिले. पांढऱ्या प्लास्टिकच्या जाळीचे, नाकाडोळ्यांसकट, रांगेने टांगलेले. प्लास्टिकचा पत्रा कढत पाण्यात मऊ करतात, पोळीसारखा उचलून तोंडावर टाकतात, आणि तो गार होऊन कडक झाला की त्या माणसाचा चेहरा त्यात राहतो. एक नाक बसकं, एक लांब. दाजींचा चेहरा लगेच ओळखू आला, कारण हनुवटीशी फुगवटा असलेला तो एकटाच होता. मशीन चालवणाऱ्या वैशालीताईंनी तो काढला, दाजींच्या तोंडावर बसवला, कडेचे खटके टेबलाला दाबले. खट, खट, खट. दाजी आत बंद झाले.

मी विचारलं, आणि डॉक्टरीणबाईंनी व्हरांड्यातच उभ्या उभ्या समजावलं. बाई माझ्याच वयाच्या, चष्म्याची एक काडी सैल झालेली. ती काडी बघून मला जरा धीर आला.

"एकाच बाजूने सगळा जोर लावला तर वाटेतलं चांगलं मांसही भाजेल. म्हणून मशीन भोवती फिरतं. वेगवेगळ्या बाजूंनी थोडे थोडे किरण सोडतं. एका वाटेवर त्यांचा जोर कमी असतो. सगळे जिथे एकत्र भेटतात, तिथे गाठ असते."

"मग एकदाच सगळं देऊन का टाकत नाही? रोज कशाला?"

"कारण थोडं चांगल्या पेशींनाही लागतंच. अजिबात लागणार नाही, असं मी सांगणार नाही. पण निरोगी पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत आपली डागडुजी करून घेते. कॅन्सरच्या पेशीला ते नीट जमत नाही. तिला फक्त वाढायचं ठाऊक. रोज थोडं थोडं दिलं की एक सावरत जाते आणि दुसरी मोडत जाते."

मी मान हलवली. प्रकाश, भिंग, किरण हा तसा माझ्या दुकानदारीचा विषय, म्हणून परतीच्या वाटेवर दाजींना मी हे सगळं पुन्हा सविस्तर सांगितलं. निरोगी पेशी म्हणजे संसारी बाई, कितीही पसारा पडला तरी सकाळपर्यंत घर आवरून ठेवणारी, वगैरे. दाजींनी एक ट्रॅक्टर जाईपर्यंत ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पावणं, सौद्यात पाच व्यापारी पाच बाजूंनी बोली लावत्यात. एकेकाच्या बोलीनं काय होत न्हाई. पण समद्यांची नजर एकाच पेटीवर असली की पेटी सुटती. आता पुढं बगा, म्हैस हाय."

म्हैस होती. मी ब्रेक दाबला.

सौदे

बुधवारी आमची वेळ दुपारची होती, म्हणून सकाळी दाजी मला बाजारात घेऊन गेले. बेदाण्याचा हंगाम नुकता भरात आला होता. शेतकरी पेट्यांवर बसलेले, आणि व्यापारी उघड्या पेटीत हात घालून मूठ बाहेर काढणारे. दोन मणी तोंडात, आणि उरलेली मूठ खुशाल जमिनीवर! मी पाहतच राहिलो. साताऱ्यात माणूस पेढ्याच्या दुकानात चवीला अर्धा पेढा मागताना चारदा लाजतो. इथे बुटाखाली बेदाण्यांचा चिखल झाला होता, आणि एक शेतकरी ओरडत होता, "आवं शेठ, पोरासारखा वाढवलाय माल, पायदळी नका घालू!" शेठ दुसरी मूठ काढत होते.

स्टुलावर दाजींच्या जागी दुसरेच गृहस्थ होते, चाळिशीचे. गळ्यात माईक होता तरी भाव मागच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. "किती? किती म्हणला?" अशी विचारणा होत होती, आणि प्रत्येक विचारण्यात चढलेला भाव थंड पडत होता. दाजी खांबाला टेकून उभे. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. भाव चढत होता तसे त्यांचे ओठ चढत होते, हात उठत होता, आवाज मात्र नव्हता.

एक टोपीवाले व्यापारी दाजींजवळ आले. "काय अण्णा, कवा चढताय स्टुलावर? हितं तुमच्याबिगर बाजार म्हंजी तेरावं घातल्यागत वाटतंय."

दाजींनी हाताने 'लवकरच' असं दाखवलं.

"लवकर या गड्या. तुमच्या शिव्या ऐकल्याबिगर पैकं मोजायला हात उठत न्हाई."

गाडी सांगलीच्या रस्त्याला लागली. दाजी म्हणाले, "ह्यानं न्हाई जमलं तर पेटीच काढत्यात गळ्यातली. म्हंजी आवाजाची. हितं भोक. मी बघितलाय एक माणूस हास्पिटलात. बोट लावून बोलतो, लय गोड माणूस. पण मला सौद्यात कोण उभं करंल मग?"

"घरी आहोत की आम्ही सगळे," मी म्हणालो.

"घरात तसंबी माझं कोण ऐकतंय, पावणं? तिथं शंभर-दोनशे माणूस गप बसून ऐकतंय."

एक फोन

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी दाजींना आठवड्याच्या तपासणीला बोलावलं. नाकातून बारीक नळी घालून आत पाहिलं. मी शेजारी स्टुलावर.

"छान. गाठ बरीच कमी झालेली दिसतेय," बाई म्हणाल्या. "अपेक्षेप्रमाणे चाललंय. अजून पुढचा आठवडा आहे. खाण्याकडे लक्ष द्या, वजन उतरू देऊ नका."

माझं घराणं गोष्टी सांगणाऱ्यांचं आहे. आमच्याकडे साप निघाला की तो नागच असतो, आणि ताप आला की तो डॉक्टरांनी आजवर कधी पाहिलेला नसतो. शिवाय जानेवारीपासून अक्काच्या आवाजात जो एक बारीक कंप मी ऐकत होतो, तो मला थांबवायचा होता. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरूनच फोन लावला.

"अक्का! गाठ गेली म्हण!"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज. "खरं?"

"अगं, आत्ता दुर्बिणीने बघितलं. स्वच्छ!"

"भैरोबा पावला रं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मीही रडलो. पार्किंगवाल्याने मला खुर्ची दिली.

गाडीत दाजींनी विचारलं, "पावणं, डॉक्टरीण 'गेली' म्हणाली का 'कमी झाली' म्हणाली?"

"एकच ते, दाजी."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. पण त्यांनाही ते एकच असायला हवं होतं, असं मला आता वाटतं.

आम्ही घरी पोचेपर्यंत अक्काने गुरवाला निरोप धाडला होता, भावकीला आमंत्रणं गेली होती, हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली होती. नवस फेडायला उशीर केला की देव रागावतो, आणि पावलेला देव रागावला तर तो न पावलेल्या देवापेक्षा वाईट, असं या भागात पक्कं मानतात. रविवारी मशीन बंद असतं, म्हणून रविवार ठरला. कुणाच्याही मनात शंका आली नाही. देवाने सांगितलं होतं, बरं होईपर्यंत हात लावायचा नाही. डॉक्टरणीने सांगितलेलं 'काम संपेपर्यंत' एव्हाना सगळ्यांच्या तोंडी 'बरं होईपर्यंत' झालं होतं. आणि बरं झाल्याचं तर मामांनी, म्हणजे मी, स्वतः दुर्बिणीतून पाहिलं होतं.

भैरोबा

देऊळ गावाबाहेर माळावर. खाली बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळी पसरलेली, आणि वाळत्या द्राक्षांचा आंबूसगोड वास देवळापर्यंत येतो. न्हाव्याने कडुनिंबाखाली दाजींना बसवलं. गुरवाने हलगी वाजवायला लावली. पांढरे केस सुपात पडले, आणि अक्काने ते नदीत सोडायला रुमालात बांधून घेतले. जुने दाजी पुन्हा दिसायला लागले. गळ्याची कातडी तेवढी किरणांनी करपल्यासारखी काळी पडली होती. तिला वस्तरा लावू नका एवढं मात्र न्हाव्याला मी बजावून सांगितलं, आणि आपण किती सावध आहोत याचा अभिमान बाळगला.

पुरणपोळ्या अशा झाल्या होत्या की मी किती खाल्ल्या ते सौ.ला अजून सांगितलेलं नाही. दाजींनीही दुधात कुस्करून एक खाल्ली. जानेवारीपासून त्या घरात जेवताना कुणी हसलं नव्हतं. त्या दिवशी सगळे हसत होते.

पुन्हा सांगली

सोमवारी वैशालीताईंनी जाळी काढली आणि दाजींकडे वळल्या. तिथेच त्या थांबल्या.

"अण्णा. दाढी?"

"देवाला दिली," दारातून मी सांगितलं, अगदी आनंदाने.

त्यांनी जाळी बसवली, खटके दाबले, आणि जाळी व हनुवटी यांच्यामधून आपलं बोट आत घातलं. बोट आरामात गेलं. दोन बोटं गेली. "अण्णा, मान वळवून बघा." आतल्या आत दाजींची मान वळली. आत घट्ट बंद व्हायला हवा असलेला माणूस जाळीतून खुशाल इकडे तिकडे पाहत होता.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी जाळी पाहिली, दाजींना पाहिलं, आणि मग मला पाहिलं. चष्म्याच्या सैल काडीने आता मला काही धीर येईना.

"कुणी सांगितलं काढायला?"

"मीच... म्हणजे गाठ गेली म्हणून..."

"गेली? मी 'गेली' म्हणाले?"

माझ्या तोंडून 'एकच ते' निघता निघता राहिलं.

"गळ्यात आपण मिलिमीटरच्या हिशोबाने काम करतो," बाई शांतपणे म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "स्वरयंत्र इथे, मागे अन्ननलिका, तिच्या मागे मणक्यातली नस. मान जरा हलली की जिथे लागायला हवं तिथे लागणार नाही, आणि जिथे लागता कामा नये तिथे लागेल. आज मी किरण देऊ शकत नाही."

"मग उद्या?"

"नवीन जाळी करावी लागेल, नवीन स्कॅन, पुन्हा सगळा हिशोब. किती लवकर होतंय बघू. रविवारची एक दिवसाची सुट्टी चालते. जास्त खंड पडला तर सावरायला वेळ चांगल्या पेशींना मिळतो, तसाच त्या दुसऱ्यांनाही मिळतो. शेवटच्या आठवड्यात मला तो द्यायचा नाही."

दाजींना जाळी करायला आत नेलं. मी व्हरांड्यात बसून अक्काला फोन केला. या खेपेला मी शब्द मोजून बोललो.

"म्हंजी गाठ हाय अजून?"

"कमी झालीय. 'कमी' म्हणाल्या होत्या. मी वाढवून सांगितलं, अक्का."

ती म्हणाली, "मरूदे. तू ल्हानपनापास्नं तसाच हायस. पर देवाला काय सांगू मी? काम व्हायच्या आधीच दाढी घेतली की त्यानं."

हे मी बाहेर आलेल्या दाजींच्या कानावर घातलं. त्यांच्या गालांवर नव्या जाळीच्या चौकटी उमटल्या होत्या. ते थोडा विचार करून म्हणाले, "तिला सांगा, अॅडव्हान्स गेलाय. आता माल द्यावाच लागंल त्येला."

मंगळवारी दुपारी आम्ही पुन्हा त्याच बाकावर. सकाळपासून हिशोब चालला आहे, एवढंच कळलं होतं. एकेक पेशंट आत जाई आणि गळ्याला रुमाल गुंडाळत बाहेर येई. शेजारची एक बाई जयसिंगपूरची, मुलाला घेऊन आलेली. तिने डब्यातला शिरा आम्हाला दिला, आणि दाजींच्या घशासाठी तुपाचं प्रमाण किती ठेवायचं ते सांगितलं. साताऱ्यात दवाखान्याच्या बाकावर लोक आपापल्या गुडघ्यांकडे पाहत बसतात. इथे दोन तासांत मला तिच्या सासूच्या स्वभावापर्यंत सगळं कळलं. दाजी मात्र शिऱ्याचा चमचा हातात धरून दाराकडे बघत होते. एकदा त्यांनी आपला गळा दोन बोटांनी हलकेच चाचपून पाहिला आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. मला बघवेना. मी उठून पाणी पिऊन आलो, आणि मग पुन्हा पिऊन आलो.

दुपार सरली तेव्हा वैशालीताईंनी हाक मारली. "अण्णा, या."

मी दारात. नवी जाळी, हनुवटीशी चापूनचोपून बसलेली. खट, खट, खट. त्यांनी बोट घालून पाहिलं. बोट जाईना. भिंतीवरून हिरव्या प्रकाशाची रेघ दाजींच्या चेहऱ्यावर आली, आणि जाळीवरच्या खुणेवर बरोबर बसली. बाहेर येऊन त्यांनी आतला फोटो काढून जुन्याशी जुळवला, डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर नाक लावून पाहिलं. मीही लावणार होतो, पण मला हटकलं.

"बसलं," बाई म्हणाल्या. "द्या."

मशीन गुणगुणत फिरायला लागलं, आणि मी पुन्हा भिंत धरली. खिडकीतल्या मुलीने पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पण गाऊन काही दिला नाही.

"एक दिवस चुकला, तो शेवटी भरून काढू," डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या. "आणि तुम्ही. घरी फोन करायचा असेल तर आधी मला विचारा, काय सांगायचं ते."

वाटेत लस्सीच्या दुकानाशी गाडी थांबवली. दाजींनी थंड लस्सी घोट घोट, डोळे मिटून घेतली. मी वर भडंगही खाल्लं. भडंगाच्या तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, असं मी दाजींना सांगितलं. त्यांनी ते खरं मानलं.

दीडेक महिन्याने

किरण संपले तसा मी साताऱ्यात परतलो. काम झाल्यावर काही आठवडे घसा आणखी बिघडतो, मग हळूहळू सुधारतो, असं बजावलं होतं, आणि तसंच झालं. मध्यंतरी फोनवर दाजी आलेच नाहीत. अक्काच सांगायची, "कमी हाय त्रास," आणि लगेच, "कमी म्हंजी कमीच हं, बापू."

किरणांनंतरच्या तपासणीला मी गेलोच. मला कुणी बोलावलं नव्हतं, उलट येऊ नको असा सूर होता. डॉक्टरीणबाईंनी मला कोपऱ्यात बसवलं. अक्काला हॉस्पिटलचा वासच सहन होत नाही, ती बाहेर आवारात लिंबाखाली पिशवी घेऊन बसली.

नळी नाकातून आत गेली, आणि स्क्रीनवर दाजींचा गळा दिसला. ओला, गुलाबी. त्यात दोन पट्ट्या, उलट्या व्हीसारख्या.

"अण्णा, ईऽऽ म्हणा."

"ईऽऽ."

दोन्ही पट्ट्या जवळ आल्या आणि थरथरत एकमेकींना टेकल्या. दोन्ही पांढऱ्या. कुठली आजारी होती ते मला सांगता आलं नसतं. मी बाईंकडे पाहिलं.

"पुन्हा. लांबवा."

"ईऽऽऽऽ."

"गाठ दिसत नाहीये," बाई म्हणाल्या. मग खुर्ची माझ्याकडे फिरवून, एकेक अक्षर सुटं करत: "दिसत. नाहीये. काही वर्षं नियमाने तपासायला यायचं. आजच्या दिवशी गळा स्वच्छ आहे. हे एवढंच सांगायचं. यातला एकही शब्द वाढवायचा नाही."

"आणि बोलायचं का, म्हंजी... मोठ्यानं?" दाजींनी विचारलं. वाळू बरीच कमी झाली होती.

"हळूहळू सुरुवात करा. घाई नको. लगेच बाजारात जाऊ नका."

आम्ही पायऱ्या उतरलो. दुपारचं ऊन, आवारात रिक्षा, चहावाला, औषधांच्या पिशव्या घेतलेली माणसं. पलीकडच्या टोकाला लिंबाखाली अक्का. तिने आम्हाला पाहिलं आणि उठून उभी राहिली, पण पुढे येईना. पिशवी छातीशी धरून तिथेच थांबली. मी वाक्य मनात जुळवत होतो, एकही शब्द वाढवायचा नाही म्हणून घोकत होतो. धावत जाऊन सांगणार, तेवढ्यात दाजींनी माझा दंड धरून मला थांबवलं.

त्या पिढीतले आमच्याकडचे नवरे बायकोला नावाने हाक मारत नाहीत. मी दाजींच्या तोंडून माझ्या बहिणीचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर ऐकलेलं नाही. त्यांनी पायरीवर पाय रोवला, मान वर केली.

"शालन!"

आवाज मध्येच एकदा फाटला, आणि पुढे गेला. चहावाल्याने वर पाहिलं. रिक्षावाले वळले. गेटजवळचा वॉचमन उठून उभा राहिला.

"शालन! गेलीऽऽ!"

अक्का पदर सावरत तरातरा आली. डोळे भरून वाहत होते, ते पुसायलाही ती थांबली नाही. जवळ आल्यावर चारचौघांत नाव घेतलेल्या नवऱ्याकडे तिने एकदा पाहिलं, आणि माझ्याकडे एकदा.

"हळू बोला की वाईच," ती म्हणाली. "बहिरी न्हाई मी."